सोयात मुरलेली अंडी आणि रात्री अकराचा भात

माझ्या फ्रीजच्या मधल्या कप्प्यात डावीकडे काचेचा एक चौकोनी डबा असतो. आत काळपट तांबूस पाणी, त्यात सात-आठ अंडी बुडालेली, वर पातीचा कांदा, मिरच्या, तीळ असं सगळं तरंगतंय. गेली तीन वर्षं तो डबा तिथून हललेला नाही, म्हणजे रिकामा होतो, धुतला जातो, परत भरून तिथेच बसतो. मी दक्षिण कोरियात देजॉनला राहते, एका खोलीचं घर, त्यातच ओटा आणि दोन कॉइलचं इंडक्शन, आणि लॅबमधून घरी यायला रात्रीचे साडेदहा, अकरा होतात. त्या वेळी कांदा चिरून फोडणी घालायची ताकद नसते हो. राइस कुकरला सकाळी टायमर लावून गेलेली असते, मग वाडग्यात गरम भात घ्यायचा, डब्यातलं एक अंडं वर ठेवायचं, त्याच पाण्याचे दोन चमचे, तिळाच्या तेलाचे चार थेंब, आणि चमच्याने अंडं मधोमध उघडायचं. आतला बलक पातळ पण नसतो आणि घट्ट पण नसतो, काकवीसारखा असतो, सावकाश भातावर उतरतो. पहिल्या घासालाच दिवसभराचा शीण उतरतो माझा.

मैत्रिणी बऱ्याच दिवसांपासून मागतायत म्हणून आज सगळं बैजवार लिहून काढते. रेसिपी म्हणाल तर पाच ओळींची आहे आणि ती कुठेही मिळेल, पण हे अंडं ज्यावर उभं आहे तो म्हणजे सोया सॉस, आणि त्याच्याबद्दल कुणी धड काही सांगत नाही, "सोया सॉस १ कप" एवढंच लिहून मोकळे होतात. माझी पहिली खेप तिथेच बिघडली होती, सांगते पुढे.

आधी नावाचं. इथे याला मायाक ग्येरान म्हणतात, ग्येरान म्हणजे अंडं आणि मायाक म्हणजे अमली पदार्थ, एकदा खाल्लं की सुटत नाही म्हणून. सोलच्या ग्वांगजांग मार्केटमधल्या बोटभर लांबीच्या किमबापला, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पापडीत गुंडाळलेल्या भाताच्या रोलला, पण मायाक किमबापच म्हणतात. पण आता इथे ड्रग्जचा प्रश्न वाढल्यापासून सरकार दुकानदारांना सांगतंय की खाण्याच्या पाट्यांवरून हा शब्द काढून टाका, आणि मला ते मनापासून पटतं, लहान मुलं वाचतात त्या पाट्या. आमच्या घराखालच्या दुकानात डब्यावर साधं ग्येरानजांग लिहिलेलं असतं. जांग म्हणजे सोयाबीन आंबवून केलेले जे जे म्हणून प्रकार आहेत ते सगळे, आणि गानजांग म्हणजे त्यातला पातळ, आपण ज्याला सोया सॉस म्हणतो तो. मी पण ग्येरानजांगच म्हणते.

ते घराखालचं दुकान बानचानचं आहे. बानचान म्हणजे भाताबरोबरची तोंडी लावणी, पालक, मुळा, बटाटा, सुकी मासळी, किमची, छोट्या छोट्या डब्यांत भरून ठेवलेली असतात आणि तीन डबे दहा हजार वॉनला मिळतात. माझ्यासारखी एकटी राहणारी कितीतरी माणसं त्यावर जगतात. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे इमो म्हणतात. इमो म्हणजे आईची बहीण. खानावळीतल्या, बाजारातल्या, दुकानातल्या बायकांना इथे इमोच म्हणून हाक मारतात, अगदी आपण मावशी म्हणतो तसं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मला इथे येऊन दोन महिने झाले होते, घराची आठवण येऊन जीव नुसता कासावीस व्हायचा, आणि मी त्या दुकानात उभी राहून मनातल्या मनात मावशी म्हटलं आणि मोठ्याने इमो म्हटलं, आणि त्यांनी "ओ, आलीस?" म्हणून वर बघितलं. एवढंच झालं होतं, पण त्या दिवसापासून मला या गावात ओळखीचं कुणीतरी आहे असं वाटायला लागलं. ही अंडी मी त्यांच्याकडूनच शिकले.

त्या सांगतात की त्यांच्या लहानपणी असं मऊ बलकाचं काही नव्हतं, जांगजोरिम असायचं, म्हणजे गोमांसाचा तुकडा गानजांगमध्ये मंद आचेवर शिजवायचा, रेषा सुटेपर्यंत, आणि त्याच रशात पूर्ण उकडलेली अंडी नाहीतर लाव्याची अंडी सोडायची. मांस महाग, म्हणून अंडी जास्त आणि मांस कमी, आणि खारट एवढं की एका तुकड्यावर अर्धी वाटी भात जायचा. शाळेच्या डब्यात हमखास. ग्येरानजांग त्याच घरातलं म्हणायचं, फक्त यात अंडं सोयात शिजत नाही, थंडच मुरतं, आणि म्हणून बलक मऊ राहतो. इथे असल्या पदार्थाला बाप्तोदुक म्हणतात, भाताचा चोर. समोर आला की वाडग्यातला भात कधी गेला कळत नाही. तोंडाला चव आणून भात खायला लावणारं असं काहीतरी प्रत्येक घरात असतंच, आमच्याकडे मेतकूट होतं.

आता अंडी. कोरियात अंडी जवळजवळ सगळी तपकिरी असतात. आईने पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर बघितली तेव्हा म्हणाली "अगं रोज गावरान अंडी खातेस, परवडतं का तुला?" तिला समजावून सांगायला बराच वेळ लागला की इथली साधी अंडीच अशी असतात. तीसचा ट्रे मिळतो, आपल्यासारखाच, आणि प्रत्येक अंड्याच्या टरफलावर दहा आकडे-अक्षरं छापलेली असतात. मला हे फार आवडतं. पहिले चार आकडे म्हणजे कोंबडीने अंडं कुठल्या महिन्याच्या कुठल्या तारखेला घातलं ते, मधली पाच अक्षरं कुठल्या फार्मची ते सांगतात, आणि शेवटचा एक आकडा कोंबडी कशी ठेवली होती त्याचा, १ असेल तर मोकळ्यावर फिरणारी, २ म्हणजे शेडमध्ये मोकळी, ३ म्हणजे जरा मोठा पिंजरा आणि ४ म्हणजे नेहमीचा छोटा पिंजरा. घातल्याची तारीख छापणं इथे २०१९पासून सक्तीचं झालंय. मी जमेल तेव्हा १ किंवा २ घेते, महाग पडतात पण त्या पिंजऱ्यांचे फोटो पाहिल्यापासून ४ हातात घ्यावंसं वाटत नाही.

पण या पदार्थासाठी त्या तारखेचा खरा उपयोग वेगळाच आहे. अगदी ताजं अंडं सोलता येत नाही! आजचं कालचं अंडं उकडून बघा, टरफलाबरोबर पांढऱ्याचे लचके निघतात. ताज्या अंड्यात कार्बन डायॉक्साइड विरघळलेला असतो, तो टरफलाच्या बारीक छिद्रांतून दिवसेंदिवस बाहेर जातो, तसा पांढरा भाग जास्त अल्कलाइन होत जातो आणि आतल्या पापुद्र्याला त्याची पकड सुटते. त्यामुळे आठवडाभर जुनं अंडं घ्यायचं, म्हणजे टरफल कसं अलगद सुटतं. इमो तर दुकानात ट्रे आला की वर मार्करने त्या आठवड्यात काय करायचं ते लिहून ठेवतात, ताजी असतील तर ग्येरानमारी, म्हणजे गुंडाळलेलं ऑम्लेट, आणि सात-आठ दिवस झाले की जांग.

उकडायचं कसं, तर पाणी खळखळ उकळलं पाहिजे, त्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा व्हिनेगर, म्हणजे चुकून एखाद्याला तडा गेला तरी बाहेर येणारा पांढरा तिथल्या तिथे गोठतो आणि पसरत नाही. अंडी फ्रीजमधून थेट, थंडगार, झाऱ्यावर ठेवून एकेक हळूच सोडायची. मग पहिली दोन मिनिटं चमच्याने एकाच दिशेने गोल गोल फिरवत राहायचं, जोरात नाही, नुसती फिरती ठेवायची, कारण पांढरा भाग गोठेपर्यंत बलक आत हलत असतो आणि फिरवलं नाही तर एका बाजूला जाऊन बसतो, मग त्या बाजूचा पांढरा कागदासारखा पातळ होतो आणि सोलताना फुटतो. साडेसहा मिनिटं. सात मिनिटांना पण छान लागतं, जरा घट्ट, काकवीच्या ऐवजी मऊ तुपासारखं. हे आकडे इथल्या मोठ्या अंड्यांचे आहेत, इथे नेहमी मिळतो तो आकार ६० ते ६८ ग्रॅमचा असतो, आपल्याकडचं अंडं त्याहून बरंच लहान असतं, त्यामुळे तेवढाच वेळ ठेवलं तर बलक घट्ट होणार. आईचं तेच झालं होतं.

वेळ झाली की लगेच बर्फाच्या पाण्यात. नळाच्या गार पाण्यात नाही, बर्फच पाहिजे, नाहीतर आतल्या उष्णतेने बलक शिजतच राहतो. दहा मिनिटं तरी ठेवा. मग जाड टोकाकडून सुरुवात करायची, तिथे हवेची पोकळी असते, हलकेच टेकवून तडा द्यायचा, मग ओट्यावर तळहाताखाली अलगद फिरवून सगळीकडे बारीक तडे, आणि पाण्यात बुडवूनच सोलायचं. पापुद्रा नखात आला पाहिजे, तो आला की पुढचं टरफल चादर ओढावी तसं निघतं. मऊ अंडं हातात घेतलं की जाणवतं, घट्ट उकडलेल्या अंड्यासारखं ते ताठ नसतं, लिबलिबतं, लहान बाळाच्या गालासारखं लागतं हाताला. फार सांभाळून धरावं लागतं. दहातलं एखादं फुटतंच, ते तिथेच उभ्या उभ्या मीठ लावून खायचं.

आता सोया सॉस. नीट वाचा.

पहिल्या वेळी मी मार्टमध्ये गेले, तिथे एक अख्खी भिंत गानजांगच्या बाटल्यांची, मला तेव्हा कोरियन अक्षरं वाचता यायची पण अर्थ कळायचा नाही. एका बाटलीतला रंग जरा फिका दिसला, मला वाटलं फिका म्हणजे सौम्य असणार, खारट कमी, घेतली. ती निघाली गुकगानजांग. गुक म्हणजे सूप, सूपचा रंग काळा होऊ नये म्हणून फिका आणि चवीला सगळ्यात खारट, एक-दोन चमचे घालायचा तो प्रकार, आणि मी कपभर ओतला. दहा अंडी दुसऱ्या दिवशी तोंडात धरवेनात. स्टायपेंड यायला अजून आठ दिवस होते, दहा अंडी तेव्हा माझ्यासाठी थोडी नव्हती, मी ती पाण्यात घालून ठेवली, बदलून बदलून, तरी खारटपणा गेला नाही, शेवटी टाकावी लागली. अन्न टाकायची सवय नाही आपल्याला, फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी बाटली घेऊनच इमोंकडे गेले. त्यांनी लेबलवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचून दाखवलं आणि मग फडताळातून स्वतःच्या तीन बाटल्या काढून माझ्यासमोर ओळीने मांडल्या, प्रत्येकीतला एकेक थेंब माझ्या तळहातावर टाकला आणि म्हणाल्या चाट.

तर ते असं आहे. गुकगानजांग सूपसाठी, यात फक्त सोयाबीन आणि मीठ, घरी करतात तो हाच. यांगजो गानजांग म्हणजे सोयाबीन आणि गहू महिनोन्‌महिने आंबवून केलेला, त्याला वास असतो, जरा गोडसर, शेवटी जिभेवर रेंगाळतो. आणि जिनगानजांग, हा रोजच्या रस्सा-भाजीचा, स्वस्त, आणि बाजारातला जिनगानजांग बहुतेक वेळा मिश्र असतो, म्हणजे थोडा आंबवलेला आणि बाकी सोयाबीनचं प्रोटीन अ‍ॅसिडने फोडून काही दिवसांत तयार केलेला. शिजवायच्या पदार्थाला तो चालतो, उकळताना फरक फार कळत नाही. पण ग्येरानजांग शिजवायचं नसतं, जे ओतलं तेच तोंडात येतं, म्हणून इथे यांगजोच पाहिजे. बाटलीवर टीएन म्हणून एक टक्केवारी छापलेली असते, म्हणजे एकूण नायट्रोजन, प्रोटीन मोडून किती चव उतरलीय त्याचा अंदाज, १.५च्या वर असेल तर चांगला. सेम्प्यो ही इथली १९४६ची कंपनी, त्यांच्या बाटल्यांवर ५०१ आणि ७०१ असे आकडे असतात, मला वाटायचं असाच काहीतरी नंबर आहे, तर ते १.५ आणि १.७ टक्क्यांवरून आहेत. मी ५०१ वापरते. आता बाटली उघडली की वासावरून कळतं मला.

माप सोपं आहे, दहा अंड्यांना एक कप गानजांग, एक कप पाणी, आणि गोडासाठी अर्धा कप. कप म्हणजे २०० मिलीचा. गोड म्हणजे इथे मुल्ल्यॉत वापरतात, धान्याचा चिकट पाक, किंवा ओलिगोदांग, तसाच दुसरा एक पाक, मी साखर आणि मध अर्धं अर्धं घालते. पाणी उकळून त्यात साखर विरघळवायची आणि पूर्ण गार करायचं, मगच गानजांग मिसळायचं. गरम ओतलं तर बर्फात घालून वाचवलेला बलक परत शिजणार, एवढी मेहनत वाया. मग अर्धा कांदा बारीक चिरून, देपा म्हणजे इथला जाडजूड पातीचा कांदा, त्याचा हिरवा-पांढरा सगळा भाग, लसणाच्या पाच-सहा पाकळ्या ठेचून नाही तर चिरून, दोन हिरव्या मिरच्या आणि रंगाला एक लाल. मिरची चॉंग्यांग घ्या, इथल्या मिरच्यांमध्ये तिखट म्हणण्यासारखी हीच एक, बाकीच्या आपल्या भज्यांच्या मिरचीपेक्षा मवाळ. आणि भाजलेले तीळ, चांगले मूठभर, हातावर चुरडून, अख्खे टाकले तर वास आतच राहतो.

आणि शेवटी एक चमचा गुकगानजांग. हो, तोच. इमोंच्या माहेरचा, त्यांनी मला शॅम्पूच्या छोट्या बाटलीएवढ्या बाटलीत भरून दिला, पाच वर्षांचा आहे म्हणाल्या, काळा कुळकुळीत झालेला, कारण जुना होत जातो तसा तो पण गडद होतो. कपभराने माझी दहा अंडी वाया घालवली होती आणि एका चमच्याने चवीला असा काही तळ येतो की काय सांगू. मीठ म्हणून घालायचं नाही, हिंगासारखं घालायचं.

डब्यात अंडी रचली, वरून पाणी ओतलं की अंडी वर येतात. पाणी खारट-गोड दाट असतं ना, समुद्रात माणूस तरंगतो तसं. मग वरचा भाग पांढराच राहतो, गोल टक्कल पडल्यासारखा डाग. त्यावर किचन पेपर त्याच पाण्यात भिजवून अंथरायचा, तो पाणी वर ओढून धरतो आणि रंग सगळीकडे सारखा येतो. फ्रीजमध्ये सहा तासांनी खाता येतं, पण दुसऱ्या दिवशी जी चव असते ती खरी. तेव्हा कापलं तर बाहेर तपकिरी कडा, मग हस्तिदंती पांढरा, मग केशरी बलक, तीन रंगांची कडी कशी स्पष्ट दिसते. सुरीने कापू नका, बलक सुरीला चिकटून ओढला जातो, शिवणाचा दोरा घ्या, दोन्ही हातांत ताणून मधोमध खाली दाबा. तिसऱ्या दिवशी बलक दाट होतो, मीठ आत जातं आणि पाणी बाहेर येतं म्हणून, तो पण मला आवडतो. चौथ्या दिवसाच्या पुढे ठेवू नका, पांढरा चिवट होतो आणि बलक मऊ असल्यामुळे तसंही जास्त दिवस ठेवणं बरं नाही. घरात गरोदर बाई, लहान मूल, आजी-आजोबा असतील तर त्यांच्यासाठी अंडी पूर्ण उकडूनच घाला, मुरल्यावर ती पण छानच लागतात.

हे सगळं आत्ता लिहायला बसले त्याचं खरं कारण म्हणजे बाजार. आमच्या युसॉंग भागात पाच दिवसांचा बाजार भरतो, ज्या तारखेच्या शेवटी ४ किंवा ९ येतो त्या दिवशी, आपल्या आठवडी बाजारासारखा, रस्त्यावर ताडपत्र्या टाकून म्हाताऱ्या बायका भाजीचे वाटे लावून बसतात. आणि आत्ता मार्चच्या सुरुवातीला तिथे मेजू दिसतात. मेजू म्हणजे उकडलेलं सोयाबीन कुटून केलेल्या विटा, गवताच्या दोरीने बांधून हिवाळाभर टांगलेल्या, भेगा पडलेल्या, बुरशीने पांढऱ्या-करड्या झालेल्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाकाला पदर लावावा असा वास आला होता. आता तो वास आला की मी थांबते. इथल्या चांद्र पंचांगाचा पहिला महिना जांग घालायचा, तर त्या विटा धुऊन, उन्हात वाळवून मातीच्या मोठ्या रांजणात मिठाच्या पाण्यात सोडतात, वर कोळशाचे तुकडे, लाल सुक्या मिरच्या आणि खारका-बोरासारखी लाल सुकी फळं टाकतात. चाळीस ते साठ दिवसांनी पाणी वेगळं काढतात, ते गानजांग, आणि खाली उरलेला लगदा म्हणजे देनजांग. त्या रांजणांना ओंगी म्हणतात, त्यांची माती श्वास घेते असं म्हणतात, आणि ते ठेवायचा घरामागचा चौथरा म्हणजे जांगदोक्दे, ऊन-वारा लागेल असा, आपल्या तुळशीवृंदावनासारखी घराची मानाची जागा.

इमोंनी मला त्यांच्या माहेरच्या चौथऱ्याचा फोटो दाखवला होता. एका रांजणाच्या गळ्याला गवताची दोरी बांधलेली, तिच्यात मिरच्या आणि कोळसे खोवलेले, दृष्ट लागू नये, जांग नासू नये म्हणून. मी बराच वेळ बघत राहिले. आमच्या नाशिकच्या दुकानांच्या दारावर शनिवारी लिंबू, मिरच्या आणि बिब्बा टांगतात ते मी त्यांना दाखवलं, त्या फोन हातात घेऊन म्हणाल्या "तुमच्याकडे पण मिरची राखण करते?" काही रांजणांवर पांढऱ्या कागदाचा पायमोजा कापून उलटा चिकटवलेला असतो, तो पण याचसाठी. डिसेंबर २०२४मध्ये जांग करायची ही सगळी पद्धत युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, दुकानात जाऊन इमोंना अभिनंदन म्हटलं, तर त्या म्हणाल्या माझ्या सासूला सांगायला पाहिजे होतं, तिने आयुष्यभर केलं.

आता नाशिकचं. गेल्या वर्षी मी आईला ही अंडी करायला सांगितली, बाबांना आणि भावाला आवडतील म्हणून, आई स्वतः अंडं खात नाही. तेव्हा श्रावण चालू होता, मग गणपती, त्यामुळे हे सगळं होईपर्यंत सप्टेंबर सरत आला. घरात नूडल्ससाठी आणलेला सोया सॉस होता, घट्ट आणि काळा, कॅरमलचा रंग घातलेला, त्यात केलेली अंडी काळीभोर झाली आणि चव काही आली नाही. मी सांगितलं की बाटली उलटी करून मागचं वाच, पाणी, सोयाबीन, गहू, मीठ एवढंच लिहिलेलं असेल ती घे, जपानी असली तरी चालेल. ती भावाला घेऊन मोठ्या सुपरमार्केटमध्ये गेली, चष्मा लावून प्रत्येक बाटली वाचली आणि बरोबर बाटली घेऊन आली. मग अंडी घट्ट झाली. मी दिलेली साडेसहा मिनिटंच लावली होती तिने, पण दुकानातल्या ट्रेमधली अंडी, फ्रीजमध्ये न ठेवलेली, सप्टेंबरच्या उकाड्यातली आणि वर लहान, ती साडेसहात शिजून पार झाली. नाशिक उंचावर, जवळजवळ ६०० मीटर, तिथे पाणी जरा कमी तापमानाला उकळतं, पण त्याने पडणारा फरक या उबदार लहान अंड्यापुढे काहीच नाही. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सहा मिनिटं लावल्यावर जमलं. साखरेऐवजी तिने साधा गूळ घातला, लवंगी मिरची घातली, तीळ संक्रांतीच्या लाडवाला भाजतात तसे तडतडेपर्यंत भाजले. भात इंद्रायणीचा, आपल्याकडे या अंड्यांना इंद्रायणीसारखा भात नाही, चिकट, मऊ आणि वासाचा, बासमतीवर बलक नुसता घरंगळून खाली जातो.

आणि मग तिने एक केलं जे मला कधी सुचलं नसतं. अंडी टाकायच्या आधी त्या पाण्यातले दोन चमचे तिने आपल्या भातावर घेतले, तिला चव बघायची होती ना, आणि तिळाचं तेल घरात नव्हतं म्हणून वरून तूप घातलं. फोनवर मला म्हणाली, "अगं याला तूपच पाहिजे, मेतकूट भातासारखं लागतंय." मी त्याच रात्री केलं. माझ्याकडे ती जुलैमध्ये आली तेव्हा आणलेली तुपाची बरणी होती, अर्धी राहिलेली, पुरवून पुरवून वापरत होते. गरम भात, अंडं, दोन चमचे पाणी, आणि चमचाभर तूप. मी वाडगा हातात धरून ओट्याशी उभ्यानेच खाल्लं आणि परत भात घेतला.

उरलेलं पाणी कधीच ओतून देऊ नका. एकदा उकळून, गार करून, जरा गानजांग आणि साखर घालून अजून एक खेप निघते, तिसऱ्यांदा मात्र नको, पचपचीत होतं. त्यानंतर तव्यावर टोफूचे काप भाजून त्यावर घालायचं, किंवा उकडलेल्या नूडल्सवर, किंवा नुसत्या भातावर. तळाशी बसलेला कांदा-लसूण मी शेवटी चमच्याने खरवडून खाते, तो सगळ्यात चविष्ट असतो.

उद्या ९ तारीख. देपा संपलाय, मिरच्या आणायच्यात, आणि इमोंनी बाजारातून चांगल्यातले दोन मेजू बघून ठेवायला सांगितलेत. फ्रीजमधल्या ट्रेवर आत्ता बघितलं, टरफलांवर ०३०२ छापलंय. उद्या बरोबर सात दिवस होतील.